आनंदीकाकींचा प्रिंटर

प्रिंटर या वस्तूवर माझा मनापासून राग आहे. घरून ऑफिसचं काम करायला लागल्यापासून त्याने मला जितकं छळलंय तितकं सासरच्या कुणीही छळलेलं नाही, आणि हे मी सासूबाईंच्या देखत सांगते. त्यामुळे त्या रविवारी शेजारच्या आनंदीकाकींनी कुंपणावरून हाक मारली, "सुरभी, येतेस का गं जरा? आमचा पिंटर परत रुसलाय," तेव्हा मी आधी कपाळाला हात लावला आणि मगच चपला घातल्या. काकींना नाही म्हणणं आमच्या आळीत कुणालाच जमत नाही.

काकी सडपातळ, साठी ओलांडलेल्या. लग्न होऊन भिवपुरीजवळच्या आमच्या गावात त्या आल्या, तेव्हापासून त्यांच्या घरात कामाची वाटणी ठरलेली. बोलायचं काम मालोजीकाकांचं आणि ऐकायचं काकींचं. काकांचा आवाज असा खणखणीत की शेतातून त्यांनी बैल हाकारले तर स्टेशनावर उभी असलेली माणसं वळून बघत. चहात साखर कमी पडली तरी साऱ्या आळीला कळायचं. त्यावर काकी हळू आवाजात एखादंच वाक्य टाकायच्या, आणि त्या एका वाक्याने काका आणखी तापायचे. संध्याकाळी ओट्यावर भाजी निवडत ते भांडण ऐकणं ही माझी आणि सासूबाईंची करमणूक होती. आम्हा दोघींचं एकमत होतं अशा मोजक्या गोष्टींपैकी ती एक.

शिमग्यानंतर काकांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात लुळा पडला आणि वाचा गेली. समजत सगळं होतं, शब्द तेवढे तोंडातून येत नव्हते. इतकी वर्षं जिला आम्ही कटकट म्हणत होतो ती थांबली आणि आळीला चुकल्याचुकल्यासारखं व्हायला लागलं. सासूबाई भाजी निवडताना मधेच थांबायच्या, तिकडे कान देऊन बसायच्या, आणि पुन्हा निवडायला लागायच्या.

हॉस्पिटलात बोलणं शिकवणाऱ्या मॅडम होत्या. त्यांनी सांगितलं, रोजच्या वस्तूंची चित्रं छापून समोर धरा, ते बोट ठेवून सांगतील. काकींचा मुलगा मनोज कुंभिवलीला एका कारखान्यात सुपरवायझर आहे. त्याने प्रिंटर आणला, ओटीवर काकांच्या खाटेशेजारी टेबलावर मांडला आणि नेटवरून चित्रं काढून दिली. चहा म्हणून बशीतला नाजूक कप. झोप म्हणून गुबगुबीत गादीवरचा कुणी गोरा साहेब. काकांनी कागद बघितला आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.

"बरोबर हाय त्यांचं," काकी मला म्हणाल्या. "ह्या कपातनं ह्यांनी कधी चहा पिला? आन् ह्या गादीवर कोन झोपलंय आमच्यात?"

मग त्या कामाला लागल्या. फोनवर फोटो काढायला सून सोनालीकडून शिकल्या आणि ते प्रिंटरला पाठवायला माझ्याकडून. काकांचा काठाला पोचा आलेला स्टीलचा पेला, त्यांची खाट, मोरीतला तांब्या, दारातला कुत्रा, घरचा टेंपो, सगळ्याचे फोटो निघाले. एका कागदावर चार चार फोटो बसवायचे मी दाखवलं होतं, पण पेला नेमका किती मोठा दिसायला हवा यावर त्या माझ्याशी वाद घालायच्या. प्रिंटरने कागद अडवला की त्याला म्हशीला दटावावं तसं दटावायच्या. गंमत म्हणजे तो बऱ्याचदा ऐकायचा. माझं तो आजवर कधी ऐकलेला नाही.

काका मात्र ऐकत नव्हते. सगळा पावसाळा काकींनी चहाच्या वेळी, जेवायच्या वेळी कागद पुढे धरला आणि काका त्यावरून नजर उचलून भिंतीकडे बघत राहिले. मला वाटायचं, एवढ्या आवाजाच्या माणसाला लहान पोरासारखं बोट दाखवायची लाज वाटत असेल. काकींना वाटायचं, ह्यांना त्या यंत्राचाच राग आहे. तरी त्या नवा कागद काढायच्याच. "येकदा बोट ठेवूदे ह्यांनी," त्या म्हणायच्या. "मग मी समजंन, मानूस घरात परत आलं."

कोजागिरीनंतर प्रिंटरच बिघडला. कागद तिरका आत जायचा, कर्रकर्र आवाज करून कोपरा दुमडायचा आणि फोटो अर्धा कागदावर, अर्धा बाहेर. मनोजने शाई संपली असेल म्हणून कर्जतहून शाईच्या बाटल्या आणून टाक्या भरल्या. मग कॉम्प्युटरवरून साफसफाईचा प्रोग्रॅम लावला. प्रिंटर बराच वेळ घुं घुं करत बसला आणि पुन्हा तिरकाच कागद बाहेर पडला. मनोज वैतागला.

मी गेले तेव्हा प्रिंटरचं खोकं माळ्यावरून खाली आलेलं दिसलं.

"सुरभीवहिनी, तुम्ही तरी सांगा आयेला," मनोज म्हणाला. "बाबा बघत पन नायत त्या कागदांकडं. कशाला जीव काढते ही? कंपनीतला येक जन घेतो म्हनतोय, संध्याकाळी येईल न्यायला."

"येऊंदे की," काकी म्हणाल्या. "पन आज येक कागद काढायचाच हाय मला. काल बांधावर जाऊन फोटो काढून आनलाय. भात पिवळंधमक झालंय. हे बोट ठेवोत नायतर न ठेवोत, पिकलेलं शेत तरी बघतील."

त्या हे मोठ्याने म्हणाल्या. काका खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडले होते. मला एकदम भरून आलं, म्हणून मी लगेच प्रिंटरकडे वळले आणि मनातल्या मनात त्याला दोन शिव्या घातल्या.

आधी तपासणीचा कागद काढला. रंगांच्या रेघा अखंड होत्या, कुठे तुटलेल्या नव्हत्या, फक्त सगळ्या तिरप्या. म्हणजे शाईचा काही गुन्हा नव्हता. मनोजकडे बघून मी हे जरा जोरातच सांगितलं. मग कागद दमट असतील म्हणून माझ्या घरून कोरा गठ्ठा आणला, बाजूच्या पट्ट्या कागदाला नीट टेकवल्या. तरी तेच. नीट बघितलं तर दर वेळी उजवाच कोपरा अडकत होता.

"आत काहीतरी हाय," काकी म्हणाल्या. "गिरनीत खडा गेल्यावर असाच आवाज येतो."

वायर काढली. शाईच्या टाक्यांचा प्रिंटर उलटा करून झटकता येत नाही, सगळी शाई सांडते. म्हणून काकींनी फोनची बॅटरी धरली आणि मागच्या बाजूला जिथून कागद आत ओढला जातो त्या फटीत मी माझा भुवयांचा चिमटा घातला. पहिल्यांदा काही लागलं नाही. मग टोकाला काहीतरी टणक अडकलं. हळूच ओढून काढलं आणि काकींच्या तळहातावर ठेवलं.

भाताचा दाणा होता, तुसासकट. पाठोपाठ आणखी निघाले, मग काडीचा तुकडा आणि सुकलेली गुलाबी पाकळी.

"उंदीर असंल," मनोज म्हणाला.

काकींनी पाकळी बोटावर घेतली. "उंदराला कुरडूचं फूल कशाला लागतं रं? हे नव्याचं हाय."

आमच्याकडे कोजागिरीची ती नव्याची पुनव. शेतातल्या पहिल्या लोंब्या, आंब्याचं पान आणि कुरडूचं फूल यांची जुडी करायची, तिला नवं म्हणायचं, आणि घरातल्या प्रत्येक कामाच्या वस्तूला ते बांधायचं. दाराला, देव्हाऱ्याला, कणगीला, नांगराला, हल्ली टेंपोला आणि पंपालाही. काकांच्या घरी हे काम कायम काकांचं. दुसऱ्या कुणाला त्यांनी हात लावू दिला नव्हता. कुठे बांधायचं राहिलं तर वर्षभर त्या वस्तूला वाईट वाटतं, असं ते सांगायचे. यंदा जुड्या सोनालीने केल्या आणि काकी व मनोजने बांधल्या. काका खाटेवर बसून बघत होते. त्यांच्या मांडीवर एक जुडी ठेवली होती, तेवढीच हौस म्हणून.

सोनाली पदराला हात पुसत दारात आली होती. ती म्हणाली, "आत्या, पुनवेच्या दुसऱ्या दिवशी झाडताना ह्याच्या मागं येक जुडी खोचलेली होती. मला वाटलं कुनाच्या तरी हातची राहिली. मी ओढून काढली अन् तुळशीत ठेवली. तवाच दानं आत झडलं असतील."

"तिथं ठेवली कोनी पन?" मनोज म्हणाला. "मी टेंपो, पंप आन् नांगर केला. आयेनं घरातलं केलं."

टेबल खाटेच्या डाव्या अंगाला होतं, हात लांबवला की पोचेल इतकं जवळ. काकांचा डावा हात चांगला होता.

काकी खाटेच्या कडेवर बसल्या. दाण्यांचा तळहात त्यांनी काकांच्या तोंडापुढे नेला.

"तुमी खोचलंत?"

काका भिंतीकडे बघत राहिले.

"येका हातानं गाठ मारता येईना, म्हनून आत खोचलंत. व्हय ना?"

काकांनी डोळे मिटले आणि मान हलवली. अगदी थोडी, पण आम्हा सगळ्यांना दिसली.

"अन् मी आपली समजत होते, ह्यांना ह्याचा राग हाय," काकी म्हणाल्या. "ह्यांनी तर त्याला घरातलं धरलंय." मग मनोजकडे न बघताच त्या म्हणाल्या, "ते खोकं माळ्यावर टाक. आन् त्या मानसाला फोन कर, नको येऊ म्हनावं."

मी वायर जोडली, कागद लावला. या वेळी तो सरळ आत गेला आणि सरळ बाहेर आला. वर पिवळं शेत, त्याच्या शेजारी टेंपो, खाली पेला आणि खाट. काकींनी तो ओला ओलाच उचलला आणि काकांपुढे धरला.

काका बराच वेळ कागदाकडे बघत होते. मग डावा हात सावकाश वर आला आणि बोट शेतावर टेकलं.

"व्हय, आपलंच शेत," काकी म्हणाल्या. "पिकलंय."

बोट सरकलं आणि टेंपोवर गेलं. तिथून पुन्हा शेतावर.

"शेतावर जायचंय? टेंपोतनं?"

मान हलली.

"नाय. ऊन केवढं हाय. डाक्टरनं काय सांगितलंय?"

बोट शेतावर आपटलं. टक टक.

"नाय म्हटलं ना. उद्या सकाळी बघू."

टक टक टक. काकांच्या कपाळावर ती जुनी आठी चढली होती, जी मी शिमग्यापासून बघितली नव्हती. कागदाला शेताच्या जागी भोक पडायची वेळ आली.

"ऐकायचंच नाय का माझं?" काकींचा आवाज कधी नव्हे तो चढला. कुंपणापलीकडे माझ्या सासूबाई हातातली वाल-पापडी तशीच धरून उभ्या राहिल्या.

टक टक.

काकी माझ्याकडे वळल्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही त्यांना भान नव्हतं. "बघितलंस सुरभी? बोलाया लागले नाय तं लगीच भांडाया लागले."

मनोज टेंपोची चावी शोधायला उठला.