डावं पेडल स्वल्प ढिलं आहे

आधीच क्षमा मागून ठेवते. माझी शाळा चौथीत सुटली, तीही निम्मी कन्नड, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ माझ्याकडून पाळलं जाणार नाही. अक्षराचं तर विचारूच नये. वर्षानुवर्षं कापडावर खडूनं रेघा ओढलेला हात वहीच्या ओळीत राहत नाही, अक्षरं बाहीच्या मुंढ्याच्या कापासारखी वळत जातात. ही वही मुळात गिऱ्हाइकांच्या मापांची. मागची पानं कोरी होती म्हणून लिहायला घेतलं. कुणी वाचणार नाही हे माहीत आहे. तरी वाचलंच, तर सांभाळून घ्यावं.

विमानात एकदाही पाऊल न ठेवता सगळ्यांत जास्त विमानं उतरवलेला माणूस जगात कोण, असं मला कुणी विचारलं तर मी सरळ वरच्या खोलीकडे बोट दाखवीन. ती खोली आता दुसऱ्याची आहे, पण बोट तिकडेच जाईल. बंगळुरातल्या शिवाजीनगरच्या मागच्या गल्लीत खाली आम्ही राहायचो आणि गच्चीवरच्या खोलीत हे भाऊजी. नागपूरहून नोकरीसाठी आलेले, एका कॉम्प्युटर कंपनीत कामाला, चाळिशीला टेकलेले, लग्न न झालेले. बंगळुरात आल्यावर त्यांनी पहिला शब्द शिकला 'अक्का' आणि तो मला लावून टाकला. खोलीत एक खाट, एक पंखा, चादरीखाली झाकलेला स्वतःचा कॉम्प्युटर आणि चार जॉयस्टिक. जॉयस्टिक म्हणजे विमानाचा दांडा, खेळातल्या विमानाचा. चारांपैकी एकही त्यांच्या पसंतीस उतरलेली नव्हती. एकीची पकड जाड, दुसरीचा चाप कडक, तिसरी इतकी हलकी की लढाई रंगात आली की टेबलावरून उचलूनच हातात यायची. तिला त्यांनी माझ्याकडची सुतळी नेऊन टेबलाच्या पायाला बांधलं होतं, गोठ्यात बांधतात तसं.

नवी जॉयस्टिक निवडायला ते दर शनिवारी सकाळी आंघोळ करून, भांग पाडून निघायचे. दुकानात जाऊन आधी डोळे मिटायचे. डोळे मिटून दांडा धरायचा, सगळीकडे फिरवायचा, मग एकदम सोडून द्यायचा आणि कान लावून ऐकायचं. सोडल्यावर दांडा आपोआप मधोमध येऊन उभा राहिला पाहिजे आणि मधोमध आल्यावर जराही डुलता कामा नये, हा त्यांचा नियम. "अक्का, चांगली वस्तू कोणती? सोडून दिल्यावर जी आपल्या जागी परत येते ती," असं ते मला सांगायचे. मग रबराचा वास घ्यायचे. मग पंधरा मिनिटं नुसती धरून उभे राहायचे, हाताला घाम येतो का बघायला. एकदा मी दोऱ्याची रिळं आणायला त्या बाजूला गेले होते, तर ते रस्त्याच्या टोकाला दिसताच दुकानातला पोरगा आत ओरडला, "स्टिक सार बंदरु!" म्हणजे स्टिकवाले साहेब आले, आणि मालकानं घाईघाईनं मागच्या खोलीचा पडदा ओढून घेतला. मी हसले. घरी येईपर्यंत हसत होते. पण सांगायला कुणी नव्हतं. आमचे हे होसकोट्याच्या कारखान्यात, शनिवारी संध्याकाळी यायचे ते सोमवारी पहाटे जायचे, आणि त्यातला रविवार झोपण्यात. मूलबाळ नाही. आठवडाभर घरात बोलायचं ते मशीननं.

पेडलचं वेड त्यांना नंतर लागलं. दांड्यानं विमान कलतं, पण त्याचं नाक सरळ ठेवायला पायांखाली दोन पेडलं लागतात, एक पुढे गेलं की दुसरं मागे येणारी. आणि त्यांच्याकडे दुसरा एक खेळ होता, त्यात एका अवाढव्य लोखंडी राक्षसाच्या डोक्यात बसून त्याला चालवायचं. "त्याचे पाय एकीकडं चालतात अन् कंबर दुसरीकडं वळते, म्हणून पेडल पाहिजेच," ते म्हणाले. मी बॉबिन भरत होते. सहज बोलून गेले, "त्यात काय, भात चुलीवर आणि गिऱ्हाईक दारात असलं की आम्ही तशाच उभ्या असतो." "अक्का, तो राक्षस तुम्हाला एका दिवसात येईल," भाऊजी म्हणाले. चेष्टा नव्हती, ते चेष्टा करायचेच नाहीत.

ते कधी उंबऱ्याच्या आत आले नाहीत. बाहेरच्या पायरीवर बसायचे, मांडीवर वही घेऊन, म्हणजे गल्लीला सगळं दिसेल. त्या दिवशीही तसेच बसले आणि माझ्या मशीनच्या पायट्याकडे बोट करून विचारलं, "दिवसातले किती तास पाय चालवता?" मी म्हटलं, "आठ. दिवाळीत जास्त." "मग दुखतं कुठं? टाचेत की चवड्यात? की पिंडरीत?"

लग्नाआधीपासून मी मशीन चालवते. ब्लाउज घट्ट झाला, हात उसवला, उशीर का केला, हे सगळं मला लोकांनी विचारलं आहे. पाय कुठे दुखतात हे कुणी विचारलं नव्हतं. डॉक्टरनंसुद्धा नाही, कारण त्याच्याकडे मी गेलेच नव्हते. मी खाली बघत म्हटलं, "डाव्या टाचेत. संध्याकाळी." आणि मग जे बोलायला लागले ते थांबेना. पायटा जोरानं दाबायचा नसतो, नुसता सोडायचा असतो; गुडघ्यानं चालवणारी बाई वर्षात थकते, घोट्यानं चालवणारी म्हातारी होईपर्यंत शिवते. भाऊजी माझा शब्द न् शब्द लिहून घेत होते. भात करपला.

त्यांच्या ऑफिसातले एक साहेब अमेरिकेला जाऊन येणार होते, ते पेडलं आणायला तयार झाले. कोणती आणायची यावर भाऊजींनी वहीची अठरा पानं भरली. बसून दाबायची की सरकवायची, रुंद की अरुंद, अनवाणी पायाला बरी की बुटाला. शेवटी जी ठरली ती महाग निघाली. बाराशे रुपये कमी पडत होते. पायरीवर बसून ते वहीत तीच बेरीज पुन्हा पुन्हा करत राहिले, माझ्याकडे मागितले मात्र नाहीत. मी डब्यातून बाराशे काढून पायरीवर ठेवले. मशीनला विजेची मोटर बसवायला साठवलेले होते ते.

"काहून देता अक्का? तुमच्या टाचेचे पैसे हायेत हे!"

"टाच आहे तिथंच आहे," मी म्हटलं.

"तीन महिन्यांत फेडतो."

तेव्हा मी माझ्या आयुष्यातली एकुलती एक लबाडी केली. म्हटलं, "एकदम नको, माझ्याकडून खर्च होतील. महिन्याला शंभर द्या." बारा महिने. त्या वेळी मनात काय होतं ते तेव्हा मी स्वतःलाही सांगितलं नव्हतं.

पेडलं आली. भाऊजींनी ती वर नेण्याआधी पायरीवर माझ्यापुढे ठेवली. "आधी तुम्ही." मी लाजले, साडी घोट्यापर्यंत ओढून पाय ठेवले, दोनदा मागेपुढे केले. म्हटलं, "डावं पेडल स्वल्प ढिलं आहे." त्यांनी हातानं दाबून पाहिलं, कळेना. उलटं करून बघतात तर एक स्क्रू अर्धवट बसलेला. मी तो आवळला आणि मशीनच्या कुपीतलं तेल दोन थेंब सोडलं. त्यानंतर गल्लीत जो भेटेल त्याला ते सांगत सुटले, इस्त्रीवाल्यालासुद्धा, "अमेरिकेच्या लोकांना दिसली नाही ती चूक आमच्या अक्काच्या पायाला कळली!" मला आठवडाभर दाराबाहेर पडायची लाज वाटली.

एका रविवारी त्यांनी आम्हा दोघांना वर बोलावलं. आमचे हे खाटेवर टेकले. भाऊजींनी पेडलं माझ्या खुर्चीपुढे सरकवली, दांडा स्वतः धरला. पडद्यावर विमान खाली यायला लागलं, बाजूनं वारा लागून वाकडं होत होतं. "अक्का, उजवं... हळू... आता डावं सोडा. दाबू नका, सोडा." हात त्यांचे, पाय माझे. धावपट्टी वर वर आली, विमान टेकलं आणि जरासुद्धा न डुलता मधोमध पळत जाऊन थांबलं. मागून ह्यांचा आवाज आला, "झालं का? मग चहा टाकतेस?"

पुढच्या महिन्यात त्यांचं ऑफिस लांब गेलं, सर्जापूर रोडच्या बाजूला, आणि भाऊजीही तिकडे राहायला गेले. जॉयस्टिक चारही नेल्या, कपड्यांचं एक गाठोडं विसरले. पण दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी दोन बस बदलून ते शंभराची नोट द्यायला यायचे. पायरीवर बसायचे. पेडलं कशी आहेत ते सांगायचे, टाच कशी आहे ते विचारायचे, वहीत लिहायचे. त्या दिवशी मी काठ शिवायला घ्यायची. काठाला वेळ लागतो.

अकराव्या महिन्यात ते आले तेव्हा हातात पेढ्याचा पुडा होता. कंपनी त्यांना परदेशी पाठवत होती, पुढच्याच आठवड्यात. पहिल्यांदाच खऱ्या विमानात बसणार होते आणि त्याची त्यांना भीती वाटत होती. "तिथं पेडल दुसऱ्याच्या पायाखाली असतील अक्का," म्हणाले. मी म्हटलं, "तुम्ही नुसतं सोडून द्या. येईल ते आपल्या जागी." ते हसले. जायच्या गडबडीत नव्हते, पण उठले. खिशातून नोटा काढल्या. दोन होत्या.

"पुढच्या महिन्याचीही आजच देऊन टाकतो. उधारी ठेवून समुद्रापार जाऊ नये. अन् आता मोटर बसवाच."

माझा एक महिना राहिला होता. तो मी धरून चालले होते. 'एक नोट परत न्या, पुढं कधीतरी द्या,' असं तोंडापर्यंत आलं, पण असं कसं म्हणणार? मी मशीनवरचा पाय काढला, उठले, दोन्ही नोटा घेऊन डब्यात ठेवल्या आणि परत उंबऱ्यापाशी येऊन म्हटलं, "सरी, ठीक आहे, भाऊजी. पूर्ण फिटले."