तेलाचे दोन थेंब

सातवं पिस्तूल ‘टक्’ करून थांबलं. सकाळपासूनचं हे तिसरं.

ट्रिगर ओढल्यावर गोळी सुटण्याऐवजी नुसतं ‘टक्’ ऐकू येणं, याहून वाईट आवाज आमच्या कामात नाही. गार्डने नियमाप्रमाणे नळी समोरच रोखून धरली. मी तीस आकडे मोजले. कधीकधी गोळी उशिरा सुटते, म्हणून थांबायचं असतं. ही सुटली नाही. गार्डने काडतूस बाहेर काढून माझ्या तळहातावर ठेवलं. काचेपलीकडून खालिदसाहेब बघत होते. त्यांनी हातातली कॉफी खाली ठेवली.

अबुधाबीबाहेरच्या एका शूटिंग रेंजवर मी आर्मरर आहे. आर्मरर म्हणजे शस्त्रांचा मेकॅनिक. मूळचा मी मुरुडचा. भारतीय नौदलात पंधरा वर्षं जहाजांवरची शस्त्रं सांभाळली आणि मग इथे आलो. या देशात सामान्य माणसाला कमरेला पिस्तूल लावून फिरता येत नाही. पण काही मोठ्या घराण्यांच्या रक्षणासाठी सरकारी परवानगी असलेली पथकं असतात. अशाच एका बारा जणांच्या पथकासाठी नवं पिस्तूल निवडायचं काम आमच्याकडे आलं होतं. खालिदसाहेब त्या पथकाचे प्रमुख. लष्करातून निवृत्त झालेले, हिंदी उत्तम बोलणारे, पण मुळात कमीच बोलणारे.

रोज बाळगायच्या पिस्तुलाची गोष्ट वेगळी असते. स्पर्धेचं पिस्तूल पेटीतून येतं आणि पेटीत जातं. हे मात्र दिवसाचे बारा तास माणसाच्या अंगाला चिकटून असतं, त्याचा घाम पितं. इथे आणखी एक भानगड आहे. गाडीच्या एसीत गारठलेलं लोखंड बाहेरच्या दमट उन्हात आलं की त्यालाच घाम फुटतो, सरबताच्या ग्लासाला फुटतो तसा. वर पिठासारखी बारीक धूळ. असं महिनोन्महिने राहून एखाद्या दिवशी, एका सेकंदात, ते चाललं पाहिजे. तो दिवस बहुतेकांच्या नोकरीत कधी येतच नाही. आला, तर दुसरा चान्स नसतो.

मी चार मॉडेल तपासून एक निवडलं होतं. दिसायला अगदी साधं, काळ्या ठोकळ्यासारखं. रेंजवर त्यातून दोन हजार राउंड झाडले, एकही अडला नाही. तरी मीच म्हणालो, “साहेब, रेंजवर सगळीच पिस्तुलं शहाण्यासारखी वागतात. चाळीस दिवस अंगावर वागवू, मग ठरवू.”

तसं ठरलं. ड्युटीवर जुनंच पिस्तूल भरलेलं ठेवायचं, नवं रिकामं दुसऱ्या बाजूला लावायचं. दर सोमवारी मी बाराही पिस्तुलांची सर्व्हिसिंग करायची. चाळिसाव्या दिवशी, आहेत तशी, प्रत्येकातून पन्नास गोळ्या झाडायच्या.

तो चाळिसावा दिवस होता. दुपारपर्यंत अकरा पिस्तुलं झाली आणि त्यांतली चार ‘टक्’ करून गेली.

खालिदसाहेब आत आले. “नसीर, तू म्हणालास म्हणून मी हे पिस्तूल घेतलं.”

“हो साहेब.”

“पुढच्या आठवड्यात माझी माणसं घराण्यातल्या मुलांना घेऊन बाहेरगावी जाणार आहेत. जुन्या पिस्तुलांच्या परवान्याची मुदत संपत आलीय. मी आता काय करू, सांग.”

मी पिस्तूल बनवणाऱ्या कंपनीच्या प्रतिनिधीला फोन लावला. त्याच्याकडे उत्तर तयारच होतं. “ॲम्युनिशनचा लॉट खराब असणार. तुम्ही तसंच लिहा ना रिपोर्टमध्ये. तुम्हीही सुटाल, आम्हीही सुटू.”

खरं सांगतो, मला ते पटावंसं वाटत होतं. पण त्याच लॉटच्या गोळ्या बाकीच्या पिस्तुलांतून सुरळीत सुटल्या होत्या.

बारावं पिस्तूल शम्माचं होतं. ती पथकातल्या दोन बायकांपैकी एक. घरातल्या मुलींबरोबर शाळेत, दुकानात, दवाखान्यात तीच असायची. त्या दिवशीही शाळेतूनच आली, अंगभर काळ्या अबायावर बाहेरची धूळ तशीच. मला सलाम केला, कानाला आवाज अडवणारे मफ लावले आणि गोळीबाराच्या लेनवर उभी राहिली.

पुढची तीन-चार मिनिटं मी नोंदवही भरायची विसरलो. अबायाच्या आतून तिचा हात पिस्तुलासकट कधी बाहेर आला ते दिसलंच नाही. प्रत्येक गोळीबरोबर पिस्तुलाची वरची स्लाइड मागे जात होती आणि फटीतून पांढरी धूळ धुरासारखी उडत होती. अंगावर वागवताना साठलेली धूळ. त्या धुळीतून तो काळा ठोकळा घड्याळासारखा चालत होता. मॅगझिन संपलं, बदललं, पुन्हा संपलं. कागदावर वेगवेगळी भोकं दिसेनात, चहाच्या बशीएवढं एकच खिंडार झालं होतं. पन्नासच्या पन्नास सुटल्या. मी इतकी वर्षं शस्त्रांत काढली, पण यंत्र आणि माणूस असे एकजीव झालेले क्वचितच बघितले. खालिदसाहेबसुद्धा काच सोडून आत येऊन उभे राहिले होते.

साहेब परत काचेपलीकडे गेल्यावर मी तिचं पिस्तूल टेबलावर उघडलं. आत धूळ होती, पण कोरडी. फुंकर मारली की उडेल अशी. शेजारी ‘टक्’ झालेलं एक उघडलं. त्यात धूळ आणि तेलाचा काळा लगदा झाला होता. काडतुसाच्या बुडावर आपटणारी एक पोलादी पिन असते. ती ज्या नळीतून धावते तिथेच हा लगदा भरला होता. पिन चिखलातून पळाल्यासारखी पळत होती.

मग मी सगळ्यांची सुटलेली आणि अडलेली काडतुसं भिंगाखाली धरली. बुडावर पिनेचा खळगा असतो. शम्माच्या काडतुसांवर तो खोल आणि स्वच्छ होता. बाकी सगळ्यांच्या काडतुसांवर उथळ. जी सुटली होती तीही जेमतेमच सुटली होती. खोल आणि उथळ यांत फरक होता केसाएवढा. त्या केसावर बारा जणांचे जीव, आणि ते ज्यांच्याभोवती उभे राहतात त्या मुलांचे. बराच वेळ मी भिंगावरून डोळा काढला नाही.

“तुझ्या पिस्तुलाला मी तेल दिलं नव्हतं का?” मी शम्माला विचारलं.

ती जरा अवघडली. “दिलं होतं, उस्ताद. दर सोमवारी.”

“मग गेलं कुठे?”

“मी घरी जाऊन पुसून टाकायचे. पिनसुद्धा काढून. आम्हाला कोर्समध्ये शिकवलंय.” मग हळू आवाजात म्हणाली, “माझे आजोबा लिवाच्या वाळवंटातले. त्यांची रायफल नेहमी कोरडी असायची. तेल लावलं की वाळू आत राहायला येते, म्हणायचे.”

“मला का नाही सांगितलंस?”

“तुम्ही वयाने मोठे. इतक्या प्रेमाने लावत होतात.”

नौदलात आमचा एकच शत्रू, गंज. खाऱ्या हवेत लोखंड एका रात्रीत तांबडं होतं. म्हणून जिथे फट दिसेल तिथे तेल, ही हाताला लागलेली सवय. पिन न काढताच तिच्या नळीतही मी दर आठवड्याला दोन थेंब सोडत होतो. सहा आठवडे मी चांगल्या पिस्तुलांचा गळा माझ्याच हाताने आवळत होतो.

हे फक्त मला आणि शम्माला कळलं होतं. ती बोलली नसती. प्रतिनिधीने तर पळवाट आधीच दाखवली होती. मी खोल आणि उथळ खळग्याचं एकेक काडतूस आणि भिंग घेऊन खालिदसाहेबांकडे गेलो.

“साहेब, पिस्तूल नापास नाही. मी नापास आहे.”

त्यांनी भिंगातून बघितलं. एक काडतूस, मग दुसरं, मग परत पहिलं. मला वाटलं, आता म्हणतील, खलास, जा घरी.

“किती दिवस लागतील?” त्यांनी विचारलं.

“पुन्हा सगळं करायला? चाळीस.”

“यल्ला. सुरू कर. या खेपेला जुनीच पिस्तुलं जातील, मुदत मी वाढवून घेतो.” दारापर्यंत जाऊन ते वळले. “आणि सर्व्हिसिंग शम्माला विचारून कर.”

तसंच केलं. बाराही पिस्तुलं धुऊन कोरडी केली. तेल फक्त स्लाइड घासते तिथे, तेही बोटाने पुसून. पुन्हा एसी, पुन्हा ऊन, पुन्हा धूळ. चाळिसाव्या दिवशी सहाशे गोळ्या झाडल्या आणि सहाशेही सुटल्या. त्या दिवशी रेंजवर कुणी टाळ्या वगैरे वाजवल्या नाहीत. खालिदसाहेबांनी रिपोर्टवर सही केली आणि जेवायला मागवलं. आज ते पथक हेच पिस्तूल बाळगतं.

रिपोर्ट पाठवून झाल्यावर मी कंपनीचं मॅन्युअल उघडलं. मेंटेनन्सच्या दुसऱ्याच पानावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं की पिनेच्या नळीत तेल घालू नये. ते पान मी पहिल्याच दिवशी वाचलं होतं. माझी तिथे सहीसुद्धा होती. पण मला पंधरा वर्षांचा अनुभव होता, त्यामुळे लक्ष दिलं नव्हतं.