केळीतला ळ

आमच्या न्हाणीघरामागे सांडपाण्यावर वाढलेली एक केळ आहे. ती तोडावी असं मी म्हणते आणि तोडायची नाही असं नवरा म्हणतो. हे भांडण आमच्या लग्नाइतकं जुनं नसलं, तरी मुलाच्या पहिल्या दप्तराइतकं नक्की आहे. माझं म्हणणं साधं आहे. तिच्यामुळे डास होतात, आणि घड तयार होण्याआधीच माकडं येऊन निम्मा फस्त करतात, वर जाताना कौलं फोडतात. नवऱ्याचं म्हणणं त्याहून साधं आहे, ते म्हणजे नाही. कारण विचारलं तरी नाही. श्रीवर्धनात ज्याची बाग आहे तो माणूस झाडाच्या बाबतीत बायकोचं ऐकत नाही, एवढंच मला त्यातून समजलं.

मी शाळेत मराठी शिकवत असे. माझ्या जिभेला हाड नाही हे गावात सगळ्यांना ठाऊक. निरोप समारंभात मुख्याध्यापकांनी भाषणात मला ‘स्पष्टवक्त्या’ म्हटलं, तेव्हा मागच्या रांगेत एकदम सगळ्यांना खोकला आला. नवऱ्याला बरीच वर्षं कमी ऐकू येतं. मुलाने पुण्याहून कानाचं मशीन आणून दिलं, ते कपाटात पडून असे. “तुझं ऐकायला मशीन कशाला?” असं ते म्हणत, आणि त्यात टोमणा असला तरी खोटं काही नव्हतं. बाहेरच्यांचं बोलणं त्यांना निम्मं कळे, माझं सगळं.

जेवण झालं की आमच्याच बागेतल्या सुपारीचं खांड गालात धरायची सवय मला सासरी आल्यावर लागली. तंबाखू नाही, पान नाही, नुसती सुपारी. तिला कोण व्यसन म्हणतं? जिभेच्या कडेला जखम झाली तेव्हा मी दोष दाताच्या टोकाला दिला आणि ते घासून घ्यायला गावातल्या दाताच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी दाताला हातही लावला नाही. जीभ बाहेर काढायला लावली, बराच वेळ पाहिली आणि मुंबईला पाठवलं. तिथे तुकडा काढून तपासला आणि कॅन्सर निघाला. डॉक्टर ते सांगत होते तेव्हा शेजारी बसलेल्या नवऱ्याला ऐकू येत नव्हतं. मला त्या घटकेला त्यांच्या कानांचा हेवा वाटला.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी एक तरुण डॉक्टरीण माझ्या खाटेशी आली. ती ऑपरेशन करणारी नव्हती. जिभेचा भाग काढलेल्या माणसांचं बोलणं परत कसं येतं, याचं संशोधन तिथे चाललं होतं, आणि त्याचं काम ती पाहत होती. जखम पुरती भरेपर्यंत जिभेला विश्रांती द्यायची आणि मग बेताने व्यायाम, ही नेहमीची रीत. काही डॉक्टरांना वाटत होतं की व्यायाम लवकर सुरू करावेत आणि भरपूर करावेत. दोन्हींत बरं काय, ते अजून कुणालाच माहीत नव्हतं. म्हणून रुग्णांचे दोन गट करायचे आणि कोण कुठल्या गटात जाईल ते संगणक चिठ्ठी काढल्यासारखं ठरवणार. पुढे आमचे आवाज अशा माणसांना ऐकवायचे, ज्यांना कोण कुठल्या गटातलं ते सांगितलेलं नाही. त्यांना जे ऐकू येईल ते त्यांनी लिहायचं. नाही म्हणालात तरी तुमच्या उपचारात काही कमी होणार नाही, असंही तिने सांगितलं. मला ते पटलं. पेपर तपासताना मुलाचं नाव झाकून ठेवावं, तसंच हे होतं.

नवऱ्याला मी ओरडून सांगितलं की माझ्यावर प्रयोग करणार आहेत. गणपतीतल्या नाटकांत ते कायम असत. त्यांनी विचारलं, “प्रयोग? कुठे? कुठल्या नाटकाचा?” शेजारच्या खाटेवर दिघीची एक बाई होती, तिचंही दुखणं जिभेचंच. ती खदखदून हसली आणि जीभ दुखली म्हणून तशीच कळवळली. तिला तिच्याकडचे सगळे भाभी म्हणत, मीही म्हणू लागले.

त्याच दिवशी आमचे आवाज भरून घेतले. डोळा, नारळ, पाणी, केळ असे शब्द वाचायचे होते. मी वर्गात वाचावेत तसे खणखणीत वाचले.

ऑपरेशन झालं. जिभेची एक कड गेली, मानेतल्या गाठी काढल्या. नाकातून नळी असताना मला पाटीवर लिहून बोलावं लागे, आणि रागाच्या भरात पेन्सिली मोडत. मग एका सकाळी मोठे डॉक्टर आले आणि म्हणाले की कापलेल्या कडा स्वच्छ आहेत, गाठींत काही नाही, आता फक्त तपासणीला येत राहायचं. भाभीचाही निकाल चांगला लागला. मी पाटी बाजूला ठेवली. भिंतीकडे तोंड करून पडून राहिले आणि मनसोक्त रडले. इतकं हलकं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

संगणकाची चिठ्ठी मात्र माझ्या मनासारखी निघाली नाही. भाभी नव्या गटात गेली आणि मी नेहमीच्या. जन्मभर दुसऱ्यांना गटांत बसवत आलेल्या मला कुणी नेहमीच्या गटात टाकावं, याचा मला भयंकर राग आला. डॉक्टरणीने शांतपणे सांगितलं, “बाई, नवीन म्हणजे चांगलंच, हे ठाऊक असतं तर आम्ही चिठ्ठी काढलीच नसती.” मी पाटीवर उत्तर लिहायला घेतलं आणि आणखी एक पेन्सिल मोडली.

घरी आले तेव्हा तोंड उघडत होतं, पेज आणि मऊभात जात होता, पण ळ गेला होता. ळ म्हणायला जिभेचं टोक उलटं वर वळावं लागतं. माझं वळेना. डोळ्याचा डोला, नारळाचा नारल, आणि बाकीचे शब्दही ओल्या फडक्यात गुंडाळल्यासारखे. दारावर मासळी घेऊन येणारी कोळीण माझ्याच वर्गात शिकलेली. तिचा ‘डोला’ मी किती वेळा सुधारला असेल. तिने सगळं ऐकून घेतलं आणि टोपली डोक्यावर चढवताना म्हणाली, “बाई, आता बोलता आमच्यावानी.” मला हसू आलं. चिडवण्याइतकी मी बरी दिसत होते, हेच खूप होतं.

घरात मात्र वेगळं चाललं होतं. एकदा डास फार झाले म्हणून मी न्हाणीतून नवऱ्याला म्हटलं की ती केळ तोडा. ते म्हणाले, “हो.”

मी दारातच थांबले. इतक्या वर्षांत जे मिळालं नव्हतं ते एका शब्दात मिळालं होतं, आणि मी घाबरले. वाटलं, डॉक्टरांनी यांना बाजूला घेऊन काहीतरी सांगितलं असणार. मरणाऱ्या बायकोशी कोण वाद घालतो? त्या रात्री मला झोप लागली नाही. सकाळी पाहिलं तर केळ जागच्या जागी, त्यांच्या हातात कोयतीही नाही. मग मला शंका आली. ते ओटीवर चहा पीत होते. मी समोर उभी राहिले आणि सहज बोलावं तसं म्हणाले, “बागेला आग लागली आहे.” त्यांनी मान हलवली आणि प्रेमाने म्हणाले, “हो, हो.”

म्हणजे मी मरत नव्हते. माझं बोलणं त्यांच्यापर्यंत पोचत नव्हतं, एवढंच. एक भीती गेली आणि तिच्या जागी दुसरी येऊन बसली. त्यांनी मला न सांगता कपाटातलं मशीन काढून लावून पाहिलं होतं, ते मी नंतर त्यांच्या खिशात पाहिलं. मशीनने आवाज वाढत होता, शब्द सुटे होत नव्हते. मी सदरा परत खुंटीला अडकवला. पण इतकं बोलून झालेल्या संसारात आता दोघांनी नुसतं एकमेकांकडे पाहून हसायचं, हा विचार मनातून जाईना.

पुढच्या तपासणीला आम्ही दिघीवरून गेलो. म्हसळ्याच्या रस्त्याचे हादरे मानेला सोसत नव्हते, म्हणून फेरीने खाडीपलीकडे आगरदांडा, किहीमला बहिणीकडे मुक्काम आणि सकाळी मांडव्याहून मुंबईची बोट, असा बेत केला. भाभी दिघीच्या धक्क्यावर आमच्याबरोबर निघाली. फेरीत बसल्या बसल्या तिने व्यायाम सुरू केले. जीभ गालात, जीभ टाळूला, जीभ नाकाकडे. तिचं बोलणं माझ्यापेक्षा सुटं वाटत होतं. नवऱ्याचा फोन कुवेतहून येतो आणि त्याला आता सगळं कळतं, असं ती आनंदाने सांगत होती. तेवढ्यात तिने ओळखलं की मी तिच्या तोंडाकडे टक लावून पाहतेय. ती हळूच म्हणाली, “शिकवू काय? कोनाला कलनार हाय?”

मोह झाला. खोटं कशाला सांगू, चांगलाच झाला. शेजारी माझा नवरा खाडीकडे पाहत बसला होता, आणि त्यांना कळेल असं एक वाक्य बोलता यावं म्हणून मी काहीही केलं असतं. पण मी आयुष्यभर कॉपी पकडली होती. शिवाय इथे नुसते माझे गुण वाढणार नव्हते. माझ्या चोरलेल्या व्यायामावरून उद्या कुठल्या तरी तिसऱ्याच बाईला सांगितलं गेलं असतं की नेहमीच्या पद्धतीनेही छान बोलता येतं. मी भाभीला म्हटलं, नको, आणि तिच्याकडे पाठ करून जंजिऱ्याकडे तोंड केलं. पलीकडच्या धक्क्याला लागेपर्यंत तशीच बसले. मागून भाभी म्हणाली, लोकांना वाटेल आपलं भांडण झालं. मला वाटत होतं की माझ्यासारखी मूर्ख मीच.

रुग्णालयात डॉक्टरणीने आवाज भरून घेतला, मग काही प्रश्न विचारले. एक प्रश्न नवऱ्याला होता, तो तिने मोठ्याने विचारला. “यांचं बोलणं तुम्हाला समजतं का?”

“हो,” ते म्हणाले. “सगळं.”

मी टेबलावर हात आपटला. सावकाश, एकेक अक्षर करून तिला सांगितलं की यांचं ‘हो’ लिहू नका, हे घरी आग लागली तरी हो म्हणतात. तिला दोनदा सांगावं लागलं. तिने नवऱ्याकडे पाहिलं. त्यांचा चेहरा इतका उतरला की मला बोलल्याचा पश्चात्ताप झाला. ते तिला म्हणाले, “कळत नाही म्हटलं तर ती बोलायचं थांबवेल. मग घरात राहील काय?”

मला हे त्यांनी कधी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर मी काहीतरी टोचून बोलले असते, हे त्यांना माहीत होतं. डॉक्टरणीने उत्तर बदललं आणि त्यांना म्हणाली की नाही कळलं तर ‘परत सांग’ म्हणा, त्यानेच यांचं बोलणं सुधारेल. आता माझ्या गटाच्याही व्यायामाची वेळ आली होती. तिने मला व्यायाम दिले, थोडे, पण माझे हक्काचे.

तेव्हापासून आमच्या घरात ‘परत सांग’ सुरू झालं. मीठ हवं का, परत सांग. दार लावा, परत सांग. मी वैतागून पाटीकडे हात नेला की ते पाटी पाठीमागे लपवत. आरशासमोर उभी राहून मी ळ घोटत होते आणि तो ल होऊन बाहेर पडत होता. संशोधनाचा निकाल अजून लागलेला नाही, सगळ्यांचे आवाज ऐकून झाल्याशिवाय लागणारही नाही. भाभी फोनवर नवऱ्याला आता झोडपून काढते, असं तिनेच सांगितलं. नवी रीत चांगली की जुनी, ते मला आजही माहीत नाही, आणि खरं म्हणजे आता मला त्याची घाईही नाही.

कारण थंडीत एका दुपारी असं झालं. नवरा खळ्यात सुपारी वाळत घालत होता, माझ्याकडे पाठ करून. मशीन कपाटातच. न्हाणीवर धडाधड आवाज झाला, माकडं घडाला लोंबकळत होती आणि एक कौल खाली येऊन फुटलं. मी मागच्या दारातून धावले. व्यायाम आठवला नाही, आरसा आठवला नाही, डोक्यात नुसता राग होता. मी ओरडले, “आता तरी ती केळ तोडून टाका हो.”

त्यांनी मान वळवली नाही. सुपारी पसरता पसरता म्हणाले, “नाही तोडायची. आणि ओरडू नकोस, ऐकू येतं मला.”

‘हो’ नाही, ‘परत सांग’ नाही. मी पायरीवर बसले. मला रडू आवरेना. ते हातातलं टाकून घाबरेघुबरे आले, माझ्या मानेकडे, तोंडाकडे पाहू लागले, काय दुखतंय विचारू लागले. मला सांगताच येईना. शेवटी ते म्हणाले, “बरं बाई, रडू नकोस. उद्याच तोडतो ती केळ.”

“खबरदार तोडलीत तर,” मी म्हटलं.