एक्कावन्न अंश

कर्जतच्या आमच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला फिजिक्स घेणारे आम्ही सातजण. त्यात मेहनती एकच, आणि ती मी नव्हे. मी कडावची, तोंडाने तिखट आणि प्रॅक्टिकलला अट्टल कामचुकार. बाकीचे पाचही तसेच. आधीच्या बॅचच्या जर्नलचे फोटो ग्रुपवर पडलेले असायचे. त्यातले आकडे जरा इकडेतिकडे करून उतरवले की झाला प्रयोग. सरांची सही घ्यायची आणि कॅन्टीन गाठायचं.

सातवी, ती मेहनती, खालापूरकडच्या ठाकरवाडीवरची. तिच्याकडे बटणांचा फोन, त्यामुळे ती ग्रुपवर नव्हती. आम्हीही तिला जर्नल कधी दिलं नाही, हे आता लिहिताना लाज वाटते. ती बिचारी प्रत्येक प्रयोग खरोखर करायची आणि मी तिला हसायचे, कशाला डोळे फोडून घेतेस गं म्हणून. तिच्या भावाने बजावून ठेवलं होतं, एक विषय जरी राहिला तरी कॉलेज बंद, चौक गावाजवळच्या कंपनीत पॅकिंगला जायचं.

परीक्षेच्या आठवडाभर आधी मी एकदाचं जर्नल पुरं करायला लॅबमध्ये बसले. प्रिझमचा प्रयोग तेवढा राहिला होता. प्रिझम म्हणजे काचेचा तिकोनी ठोकळा. तो फिरवत दुर्बिणीतून पाहिलं की दिव्याची पिवळी रेघ सरकत येते, एका जागी थांबते आणि मागे फिरते. ती जिथून फिरते तो कोन मोजायचा. आमच्याकडे तो एकोणचाळीस अंश, बॅचमागून बॅच. सरांना दाखवण्यापुरता प्रिझम टेबलावर मांडायला गेले आणि तो हातातून सुटून फरशीवर फुटला. लॅब सांभाळणारे पळसदरीचे मामा धावत आले. त्यांनी तुकडे झाडून घेतले, कपाटातून तसाच दिसणारा दुसरा काढून ठेवला आणि म्हणाले, परीक्षा होऊ दे, सरांना मग सांगू. मी हुश्श केलं, दुसऱ्या दिवशी जर्नलमध्ये एकोणचाळीस लिहिलं आणि खाली तारीख टाकली.

परीक्षेत तो प्रयोग नेमका तिच्या वाट्याला आला. बाहेरून आलेले परीक्षक तिचा पेपर पाहून थबकले. सरांनी दिलेल्या कागदावर एकोणचाळीस, आणि हिचं एक्कावन्न. एवढी चूक म्हणजे हिला काही मांडताच येत नाही, असं म्हणून त्यांनी परत मोजायला लावलं. तिने परत मोजलं. एक्कावन्नच. तिसऱ्यांदाही तेच. शेजारच्या टेबलावरून मला तो प्रिझम दिसत होता, मामांनी कपाटातून काढलेला. वेगळी काच असली की कोनही वेगळा येतो, हे मला तोंडपाठ होतं. डोक्यात मात्र आत्ता शिरलं.

तिने खोडरबर उचललं. एकोणचाळीस करून टाकणार होती आणि मग खालचं सगळं गणित चुकणार होतं. मला माझं जर्नल आठवलं, मामांची नोकरी आठवली, गप्प बसावंसंही वाटलं. पण तिचं खोडरबर कागदाला टेकलं आणि मला तिच्या भावाची ती पॅकिंगची कंपनी आठवली.

"खोडू नकोस गं," मी उभी राहिले. "सर, तिचं बरोबर आहे. जुना प्रिझम माझ्या हातून फुटला. कपाटातला दुसरा मीच काढून ठेवला." शेवटचं वाक्य खोटं होतं, ते मामांसाठी.

परीक्षकांनी स्वतः दुर्बिणीला डोळा लावला आणि बऱ्याच वेळाने तिच्या एक्कावन्नपुढे बरोबरची खूण केली. मग प्रिझम कधी फुटला ते विचारलं, माझं जर्नल मागवलं आणि त्या पानावरची तारीख पाहिली. ती फुटल्याच्या दुसऱ्या दिवशीची होती.

"मग हे एकोणचाळीस कुठून आलं?"

"पाहिलंच नव्हतं, सर," मी म्हणाले. "कधीच."

त्यांनी मला काठावर पास केलं. मामांना कोणी काही बोललं नाही. सगळे पांगल्यावर मी रडं लपवत बॅग भरत होते, तेवढ्यात ती समोर आली. मला वाटलं, आता झापणार, आणि झापावंच तिने. तिने नुसतं माझं मनगट धरलं.

"दिवा अजून चालू हाय. ये, बघ."

मी डोळा लावला. ती हळूहळू प्रिझम फिरवत होती. पिवळी रेघ सरकत आली, थांबली आणि मागे फिरली. हेच वाक्य मी जर्नलमध्ये किती सुबक अक्षरात लिहिलं होतं.