बाजू संपल्याशिवाय चहा नाही

आमच्या मंडळाचा नियम एकच होता. कॅसेटची बाजू संपल्याशिवाय चहा मिळणार नाही. हा नियम मी केला, कारण टेपरेकॉर्डर माझा होता, आणि तो कडक पाळला आईने, कारण गॅस तिचा होता.

मंडळ म्हणजे तरी काय, चार डोकी. मी वसई पूर्वेला तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये आईवडिलांबरोबर राहत होते आणि वालीवला स्टीलचे डबे बनवणाऱ्या एका कारखान्याच्या ऑफिसात डिस्पॅच बघत होते. दुसरी माझी मैत्रीण, शेजारच्या टेबलावरची टायपिस्ट, पश्चिमेकडच्या एका ख्रिस्ती गावातली. तिसरा आमच्याच कारखान्यातला वेल्डर. आवाज जितका मोठा तितकं संगीत चांगलं, असं त्याचं सरळ गणित. आणि चौथे खालच्या मजल्यावरचे निवृत्त हेडमास्तर. ते पेटी वाजवत. पहिल्या रविवारी ते "आवाज कमी करा" हे सांगायला वर आले होते, ते पुढची सहा वर्षं येतच राहिले.

आम्ही ऐकायचो काय, तर जे दुसरं कुणी ऐकत नाही ते. माझा मामा जहाजावर होता. बंदराबंदरांतल्या दुकानांत जाऊन "कुणी घेत नाही ते दे" असं तो म्हणे, आणि दुकानदार खूश होऊन गठ्ठा काढून देत. एका कॅसेटमध्ये एक माणूस वीस मिनिटं एकच सूर धरून बसला होता. एकीत पियानोच्या तारांमध्ये स्क्रू अडकवले होते. एकीत पाच जण जॅझ वाजवत होते आणि पाचही जणांना वेगवेगळ्या गावाला जायचं होतं. एकीत चर्चमधल्यासारखा मोठा गायकवृंद होता, पण सगळे नुसते कुजबुजत होते. आई स्वयंपाकघरातून विचारी, "मिक्सरमध्ये चमचा राहिलाय का गं?"

हो, अजून एक पोटनियम होता. ऐकून होईपर्यंत कॅसेट कुठली, कुणाची, हे सांगायचं नाही. परदेशी म्हटलं की आपली मान आपोआप डोलायला लागते, म्हणून. या शहाणपणाचा मला भारी अभिमान होता. वासरांत लंगडी गाय शहाणी, दुसरं काय.

मैत्रिणीचे वडील गावच्या बॅण्डमध्ये ट्रम्पेट वाजवायचे. केळीची वाडी, वाडीत विहीर, विहिरीशेजारी पंपाची खोली, आणि घरात भिंतीवर खिळ्याला ट्रम्पेट. घरात ते त्यांच्या बोलीत बोलत, माझ्याशी मात्र शाळेतली मराठी काढत. एकदा त्यांच्याकडे जेवायला गेले असताना मी आगाऊपणाने त्यांना ती वीस मिनिटांची एकसुरी कॅसेट ऐकवली. त्यांनी हात जोडल्यासारखे मांडीवर ठेवून पूर्ण ऐकली. मग विचारलं, "याचा दुसरा सूर कधी येणार?"

"येणारच नाही, काका."

"अरेरे. म्हणजे हा बिचारा तिथंच अडकला?"

मी त्यांना नव्या संगीतावर दहा मिनिटं भाषण दिलं. ते म्हणाले, "समजलं. तुमच्या मंडळाला मोडलेलं आवडतं." मी जरा फुगून बसले, पण जेवण फार चांगलं होतं.

त्यांच्या गावात लग्नाच्या आदल्या दिवशी बायका वाजतगाजत विहिरीवर जातात आणि नवरीच्या आंघोळीसाठी पाणी आणतात. विहिरीच्या काठावर बॅण्ड थांबतो आणि एक जुनी चाल फक्त ट्रम्पेटवर वाजते. मगच कळशी भरायची. तीस वर्षं ती चाल काकांनी वाजवली होती. गावातल्या प्रत्येक नवरीच्या कळशीआधी त्यांचीच फुंक. आता घरच्याच नवरीची, माझ्या मैत्रिणीची, पाळी येत होती, जानेवारीत.

आणि जुलैत काका त्याच विहिरीच्या शेवाळलेल्या पायरीवरून घसरले. पुढचे चार दात गेले. ट्रम्पेट ओठांनी वाजतं असं आपण समजतो, पण त्या ओठांना मागून टेकू लागतो तो दातांचा. कवळी बसवली, पण ती तोंडात पाहुण्यासारखी राहायची. काकांनी दोनतीनदा फुंकून पाहिलं, वारा सगळा बाजूने गेला. त्यांनी जाहीर केलं की झालं, वाजवणं संपलं.

"पप्पा म्हणतात, विहिरीवर वाजवायला दुसऱ्या गावातला माणूस आणू," मैत्रिणीने मला सांगितलं. हे सांगताना ती एक साधं चलन टाइप करत होती आणि त्यात तिने तीन चुका केल्या. एरवी ती एकही करत नसे.

ऑक्टोबरमध्ये तिने मला घरातल्या जुन्या कॅसेटींची पिशवी दिली. भक्तिगीतांच्या, झिजलेल्या. कॅसेटच्या वरच्या कडेला मोडलेल्या छोट्या खाचांवर सेलोटेप चिकटवला की तिच्यावर पुन्हा भरता येत असे, आणि मला कोऱ्या कॅसेटींची कायम टंचाई. पुसायच्या आधी प्रत्येक लावून बघायची, ही माझी सवय. त्यातली एक लावली आणि मी जमिनीवरच बसले.

आधी नुसता श्वास. मग फुटलेला एक सूर, पुन्हा श्वास, पुन्हा तोच सूर, अर्ध्यात तुटलेला. मागे कसलीशी घरघर. मग लांब शांतता. आणि अचानक एक कोंबडी. मला वाटलं, मामाने दिलेली एखादी कॅसेट चुकून या पिशवीत आली. युरोपातला कुणीतरी असणार, बर्फात एकटा राहणारा. तिथं कोंबडी कुठून आली, हा प्रश्न मला पडला नाही. प्रश्न न पडणं हेच तर आमच्या मंडळाचं वैशिष्ट्य.

रविवारी लावली. मैत्रीण त्या दिवशी साड्यांच्या खरेदीला गेली होती. बाजू संपली तरी कुणी चहा मागेना. वेल्डर, ज्याला मोठ्या आवाजाशिवाय काही चालत नसे, तो म्हणाला, "हा माणूस कशाला तरी धडका देतोय." हेडमास्तरांनी चष्मा काढला. "यानं चाल टाकून दिलीय. नुसता श्वास ठेवलाय. आणि त्या कोंबडीची एन्ट्री! काय अचूक जागा!"

सोमवारी डबा खाताना मी मोठ्या उत्साहाने वॉकमनचे इअरफोन मैत्रिणीच्या कानात घातले. ती ऐकत राहिली. घास हातातच. मग म्हणाली, "ही घरघर आमच्या पंपाची आहे."

"काय?"

"आणि ती कोंबडी आमची आहे. आणि हे माझे पप्पा आहेत, बये."

बोंबला! मी म्हटलं, आता ही माझ्याशी आयुष्यभर बोलणार नाही. पण ती माझ्याकडे बघतच नव्हती. तिला ठाऊकच नव्हतं. वाजवणं संपलं म्हणून घरात सांगून तो माणूस रोज दुपारी पंपाच्या खोलीत कोंडून घेत होता, पंप चालू ठेवून, म्हणजे बाहेर आवाज जायला नको. आपलं आपल्याला ऐकता यावं म्हणून टेप लावत होता. ती तिथेच डिस्पॅचच्या खोक्यांमागे रडली. मलाही रडू आलं, आणि लाजही वाटली, कारण काल आम्ही चौघांतले तिघे त्याच धापांवर वाहवा करत होतो.

त्याच संध्याकाळी आम्ही दोघी कॅसेट परत द्यायला गेलो. काका वाडीत होते. कॅसेट बघून ते आधी लेकीवर डोळे वटारणार होते, पण तिचा चेहरा बघून थांबले. मी एका दमात सगळं कबूल केलं.

"लोकांना ऐकवलीस?"

"तिघांनी ऐकली, काका. मी धरून."

"मग? काय म्हणाले?"

मला वाटलं, एवढं तरी चांगलं सांगावं. "फार आवडली. म्हणाले, असं कधी ऐकलं नाही."

काका केळीच्या बुंध्याशी मटकन बसले. "आवडली? तुझ्या मंडळाला? अरे देवा. म्हणजे अजून पार मोडलेलीच आहे."

मी हसू दाबलं, पण ते गमतीत बोलत नव्हते. मग तेच म्हणाले, "बघ, घरचे काय, चांगलंच म्हणणार. बॅण्डवाले माझ्या तोंडाकडे बघून चांगलं म्हणणार. खरं कोण सांगणार? तुझी माणसं बरी. त्यांना ठाऊकच नाही मी कोण. दर आठवड्याला कॅसेट देतो. ऐकव. ज्या दिवशी त्यांना आवडणार नाही, त्या दिवशी मला सांग."

माझ्या इतक्या वर्षांच्या अभ्यासाचा असा उलटा उपयोग कुणी केला नव्हता. पण मी हो म्हटलं.

मग दर शनिवारी मैत्रिणीच्या डब्याच्या पिशवीतून कॅसेट येऊ लागली. रविवारी ती आमच्यात बसायची नाही, तिला तोंड सरळ ठेवता आलं नसतं. लग्नाची खरेदी हे सोयीचं कारण होतंच. सगळ्या कॅसेटी ऐकून झाल्याशिवाय नाव नाही, असा पोटनियम ताणून मी काही सांगत नव्हते. नोव्हेंबरभर मंडळ खूश. मी सोमवारी निरोप पाठवी, "अजून आवडतेय." काका दातांच्या डॉक्टरकडे जाऊन कवळी घासून आणत. डिसेंबरात हेडमास्तर म्हणाले, "हा माणूस घसरतोय हो. परवापरवापर्यंत काय धाडस होतं! आता सूर लागायला लागलेत." मी निरोप पाठवला. मैत्रीण सांगत होती, त्या दिवशी पप्पांनी दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या. नाताळनंतरच्या रविवारी हेडमास्तरांनी तक्रार केली, "आणि कोंबडी का नाही हल्ली? तिच्यामुळे मजा होती." ती नाताळच्या जेवणात गेली आणि मीही खाल्ली, हे मी सांगू शकले नाही.

तरी पूर्ण नावडती अशी कॅसेट काही येईना. विहिरीवरच्या चालीच्या तिसऱ्या ओळीत एक वरचा सूर होता. तिथे वारा सुटायचाच. मंडळ नेमकं तिथेच "अहाहा" करायचं, आणि सोमवारी मला तसाच निरोप पाठवावा लागायचा.

लग्नाच्या आदल्या दिवशी मी सकाळपासून त्यांच्या घरी होते. दुसऱ्या गावातल्या माणसाला बोलावलं नव्हतं. काका सगळ्यांशी हसून बोलत होते, पण पाणी पीत नव्हते, कवळी हलेल म्हणून. ऊन कलल्यावर बायका कळशी घेऊन निघाल्या, पुढे बॅण्ड, आणि मी रेकॉर्डिंगचं बटण दाबलेला टेपरेकॉर्डर पोटाशी धरून मागे. विहिरीच्या काठावर सगळं थांबलं. मैत्रीण आपल्या बापाकडे बघत होती. बाप घसरला त्याच पायरीच्या वर उभा होता.

पहिली ओळ स्वच्छ गेली. दुसरीही. तिसरीत तो सूर आला आणि त्यांच्या ओठांतून नुसता श्वास निघाला, लांब, कोरडा. एक क्षण काहीच नाही. मग त्यांनी पुढचा सूर उचलला आणि चाल घरी आणून सोडली. बायकांनी कळशी बुडवली, सगळे ओरडले, ढोल सुरू झाला. बॅण्डवाले त्यांच्या पाठीवर थापा मारत होते. ते कुणाकडेच बघत नव्हते. त्यांनी गर्दीतून मला शोधलं आणि बोटाने टेपकडे खूण केली.

रविवारी मी ती विहिरीवरची कॅसेट लावली. बाजू संपायला अजून अवकाश होता, पण चाल संपल्यावर हेडमास्तरांनी हात वर करून टेप थांबवायला लावला. असं त्यांनी कधी केलं नव्हतं. "मागे घे," म्हणाले. तीनदा मागे घ्यायला लावलं, त्या तिसऱ्या ओळीपर्यंत. वेल्डर खिडकीकडे तोंड करून उभा होता. आई चहाचं विचारायला आली आणि ट्रे हातात घेऊन दारातच थांबली. मिक्सरचं नाव काढलं नाही तिने. "कोण आहे गं हा?" एवढंच म्हणाली. हेडमास्तर म्हणाले, "सहा वर्षांत इतकं चांगलं काही ऐकलं नाही."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी गावी गेले. लेक सासरी गेलेली, घर शांत. काका पडवीत बसले होते, ट्रम्पेट खिळ्यावर. त्यांनी बसही म्हटलं नाही.

"काय म्हणाले?"

संगीताच्या बाबतीत मी आयुष्यात एकदाच खोटं बोलले, ते तिथे. "कुणालाच आवडली नाही, काका. अगदी साधी आहे म्हणाले. हेडमास्तरांनी तर अर्ध्यातच चहा मागितला."

काकांनी माझ्याकडे नीट निरखून बघितलं. "बाजू संपायच्या आधी?"

"संपायच्या आधी."

त्यांनी खिशातून रुमाल काढून तोंडाशी धरला, कवळी काढून त्यात गुंडाळली, आणि पुढचे दात नसलेल्या तोंडाने घरात हाक मारून बायकोला सांगितलं, "ऐकलंस का? बरोबर वाजली!"