पहिल्या नंबरच्या विमानतळावरचा सूर्यास्त

“मावळला,” तात्या म्हणाले आणि दशम्यांचा नुकताच उघडलेला डबा त्यांनी पुन्हा बंद केला.

“अहो तात्या, अजून केवढा उजेड आहे,” मी म्हणालो.

“त्यो दिव्यांचा हाय. भाईर बघून ये जा.”

बाहेर बघायचं तर खिडकी बरीच लांब होती. धावत जाऊन आलो. बाहेर अंधारलं होतं.

तात्या म्हणजे आष्ट्याचे मगदूम. जैन शेतकरी, वय सत्तरीच्या आसपास. सोबत कुसुमकाकी. दिवस मावळल्यावर दोघंही पाणीसुद्धा तोंडात घालत नाहीत. आमच्या अठरा जणांच्या ग्रुपमध्ये हा नियम इतका कडक पाळणारे हे दोघंच. मी त्यांचा टूर मॅनेजर. म्हणजे पासपोर्ट हरवला की शोधायचा, माणूस हरवला की शोधायचा, आणि काहीच हरवलं नाही तर विनोद सांगायचे. वीसेक वर्षं मी हेच करतोय. घरचे म्हणतात, जगभर लोकांना रस्ता दाखवतोस, मंडईतून मात्र नेहमी चुकीची भाजी आणतोस.

आम्ही पूर्वेकडच्या एका देशात ट्रान्झिटला होतो. एका विमानातून उतरून दुसऱ्याची वाट बघणं, त्याला ट्रान्झिट म्हणतात. पुढच्या विमानाला सहा तास होते. हा एवढा लांब थांबा मी मुद्दाम घेतला होता, कारण त्या वर्षीच्या एका यादीत तो विमानतळ जगात पहिला होता.

अशा याद्या दरवर्षी येतात. राहायला उत्तम शहर, सुखी देश, ताकदवान पासपोर्ट, स्वच्छ विमानतळ. आमचे साहेब त्या ब्रोशरवर छापतात आणि बुकिंग वाढतं. वाढणारच. दहावीला पहिला आलेल्याचा फ्लेक्स आपण चौकात लावतो, अशा आपल्याला पहिला नंबर विकायला कितीसा वेळ लागतो? मी स्वतः यातल्या बऱ्याच पहिल्या नंबरांवर जाऊन आलोय. याद्या खोट्या नसतात. स्वच्छ म्हटलं की स्वच्छच असतं. पण मार्क देणारा एकटा फिरतो, त्याच्या पाठीवर एक बॅग असते. त्याच्यासोबत गुडघे दुखणारी अठरा माणसं नसतात. हे मला माहीत होतं. तरीही निघताना मी बसमध्ये माइकवर ती यादी वाचून दाखवली होती.

त्या दिवशी साडेपाचला मी तात्यांना म्हणालो, “शुगरची गोळी घ्या. सहाला जेवायला बसू.” त्यांची गोळी जेवणाआधी अर्धा तास घ्यायची होती. त्यांनी माझ्यासमोर घेतली.

मग कुणीतरी म्हणालं, काचेच्या छताखालची ती बाग बघायची राहिली. मी म्हणालो, पंधरा मिनिटांत येऊ. बाग दुसऱ्या टर्मिनलला होती. तिथं जायला आतल्या आत ट्रेन. ग्रुप मोकळा फिरावा म्हणून हातातल्या पिशव्या मी क्लोक रूमला ठेवायला लावल्या होत्या, दशम्यांचा डबाही त्यातच होता. बागेत प्रत्येकाला फोटो हवा होता. काकी दोनदा म्हणाल्या, “आवं, यांची जेवायची येळ झाली.” मी दोनदा म्हणालो, “निघालोच.” पिशव्या हातात आल्या तेव्हा सव्वासात वाजले होते.

“तात्या, गोळी घेतलीय तुम्ही. दोन घास खायलाच पाहिजेत,” मी म्हणालो.

“चाळीस वर्सं झाली नियम घिऊन. आता न्हाई.”

“आजारपणात चालतं ना?”

“मी कुठं आजारी हाय?”

पंधरा-वीस मिनिटांनी त्यांच्या कपाळावर घाम आला. एसीत. शर्ट पाठीला चिकटला. मग ते मला विचारू लागले, “मोटार बंद केलीस का रं? पाणी फुडल्या सरीत गेलं असंल.” ते मनानं उसाच्या रानात पोचले होते. मी खांबावरचं मदतीचं बटण दाबलं.

काकी उठल्या. शेजारच्या चहाच्या काउंटरवरून साखरेच्या पुड्या घेऊन आल्या. एक फोडली. घाईत निम्मी साखर त्यांच्या पदरावर सांडली.

“काकी, त्यांचा नियम…” मी म्हणालो. आज लाज वाटते, पण म्हणालो.

“नियम त्येंचा हाय. माणूस माजा हाय.”

त्यांनी तात्यांची हनुवटी धरली आणि साखर ओठांच्या आत घातली. तात्यांनी मान फिरवली. काकींनी ती परत वळवली. दुसरी पुडी. तात्यांनी गिळली.

नर्स आणि डॉक्टर तीन-चार मिनिटांत आले. हेही सांगायला हवं, त्या विमानतळाचा नंबर उगाच नव्हता. रक्त तपासलं, सलाइनमधून ग्लुकोज दिलं. डॉक्टर म्हणाले, ती साखर पोटात गेली हे बरं झालं. आज मात्र विमानात बसायचं नाही.

मी साहेबांना फोन लावला.

“ग्रुप कोण नेणार?” साहेब ओरडले.

“तिकडचा एजंट उतरवून घेईल. मी थांबतो.”

“चूक कुणाची?”

“माझी.”

 मग साहेब म्हणाले, “थांब.”

सकाळी विमानतळाच्या दवाखान्यात तात्या पूर्ण शुद्धीवर होते. त्यांनी बायकोला विचारलं, “काल काय घातलंस तोंडात?”

“साखर.”

“दिवस मावळल्यावर?”

“व्हय.”

तात्या भिंतीकडं तोंड करून बसले. मी म्हणालो, “तात्या, त्यांची चूक नाही. माझी आहे.”

“तुजीच हाय. तिची हाय म्हटलं का मी?”

 नाश्ता आला. तात्यांनी डॉक्टरांच्या सांगण्यावरून खाल्लं. काकींनी ताट बाजूला सारलं.

“काकी, तुम्ही?”

“आज उपास. नियम त्येंनी न्हाई मोडला, मी मोडला. त्येंला शुगर हाय, त्येंला उपास झेपत न्हाई.”

“मग मी करतो.”

काकी पहिल्यांदाच थोडं हसल्या. “तुमाला तर त्याहून झेपत न्हाई.”

नंतरच्या विमानानं आम्ही तिघं ग्रुपला जाऊन मिळालो आणि पुढची टूर नीट झाली. सांगलीला उतरताना तात्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. परवा त्यांची सून भेटली. म्हणाली, सासूबाई दरवर्षी त्या तिथीला उपास करतात, का ते सांगत नाहीत. मीही सांगितलं नाही.

साहेब अजून याद्या छापतात. मीही माइकवर वाचतो, नोकरी आहे. फक्त ताट समोर आल्याशिवाय मी आता कुणालाही ‘गोळी घ्या’ म्हणत नाही.