ओल्या बोंबलांचा खटला

गेल्या चैत्रात मी माझ्या सख्ख्या चुलतभावाला, हिरामणदादाला, तुरुंगात टाकायचं ठरवलं.

कारण अगदी साधं होतं. बायकोने पावसाळ्याची बेगमी म्हणून तळमजल्याच्या पत्र्यावर बोंबील वाळत घातले होते. आमच्या तळवलीत दोन इमारतींमध्ये हातभर फट असते. माझ्या खिडकीतून हिरामणदादाच्या ओट्यावरची मिठाची बरणी उचलता येते. (उचललीही आहे.) तर त्याच्या खिडकीच्या ग्रिलला बांधलेल्या एसीच्या पाइपातून बोंबलांवर टपटप पाणी पडत होतं. चार दिवस उन्हात कडक झालेले बोंबील पुन्हा पोहायच्या बेतात!

"दादा, एसी बंद कर तुझा!" मी खिडकीतून ओरडलो.

"माजा एसी सुरूच नाय! तुजं डोकं तापलंय, त्याला लाव एसी!"

याच डोक्यावर लाद्या वाहून मी लाद्यांचं दुकान उभं केलंय. माझ्या डोक्याचं नाव कोणी काढायचं नाही!

"देवळासमोर येऊन माफी माग, नाहीतर केस टाकतो!"

"टाक! दोन टाक!"

आमची मनाली वकिलीच्या पहिल्या वर्षाला आहे. घरचा माल असताना बाहेर कशाला जायचं?

"हिरामणकाकाला किती वर्षं बसतील?" मी विचारलं.

"बाबा, आधी कायदा म्हणजे काय ते तरी ऐका. सगळ्यांनी कसं वागायचं याचे नियम, आणि ते मोडले तर सरकार काय करणार ते. त्याच्या शाखा आहेत. जागा, करार, नुकसानभरपाई, असं दोन माणसांमधलं भांडण म्हणजे दिवाणी. चोरी, मारामारी, तोडफोड म्हणजे फौजदारी. तिथे खटला सरकारच चालवतं."

"म्हणजे वकील सरकारचा? मग फौजदारीच दे!"

"हे दुकान नाही, बाबा! पाणी टपकतंय, हा दिवाणी मामला. कोर्ट फार तर पाणी थांबवायचा हुकूम देईल."

"बरं, दिवाणी घेतो. पण वर आठ दिवस तुरुंग टाक."

"असं मिक्स मिळत नाही!"

"आणि ते संविधान?"

"तो सगळ्या कायद्यांचा पाया. सरकार कसं चालावं, नागरिकांचे मूलभूत हक्क काय..."

"बोंबील वाळवणं बसेल त्यात?"

मनालीने पुस्तक मिटलं.

मी पोलीस चौकीत गेलो. हवालदारांच्या टेबलावर पिशवी ठेवली.

"हे काय?"

"पुरावा."

"वास येतोय याला!"

"तोच पुरावा, साहेब."

त्यांनी नाकावर रुमाल धरून मनालीचंच म्हणणं सांगितलं: दिवाणी आहे, कोर्टात जा. (पोरीची फी वसूल झाली, एवढंच समाधान.)

कोर्टात जायचं म्हणजे तारखा आल्या. तोवर बोंबलांना कल्ले फुटले असते! मी घरी आलो, पक्कड घेतली, खिडकीतून हात घातला आणि पाइप कापला.

"झाली फौजदारी," मनाली मागून म्हणाली.

"बघ! सांगत होतो ना!"

"दुसऱ्याच्या वस्तूची तोडफोड. आरोपी तुम्ही, बाबा."

मी पक्कड पाठीमागे लपवतोय तोच खालून बायकोची किंकाळी आली. ती बोंबील गोळा करत होती आणि कापलेल्या पाइपाची धार आता थेट तिच्या डोक्यावर!

आरडाओरडा ऐकून अर्धी आळी जमली. हिरामणदादा बनियनवर बाहेर आला. "माजा एसी काय? बघा सगल्यांनी!" म्हणत त्याने घराचा मेन स्विचच पाडला. पंखा थांबला, टीव्ही थांबला, वहिनींचा मिक्सर थांबला. पाणी चालूच!

बायको वर पाहत पाइपाचा माग काढत राहिली. मग निथळत्या केसांनी जिना चढली, आमच्या बेडरूममध्ये गेली आणि आमचा एसी बंद केला.

धार थांबली.

मला आमचा एसी बसवणारा मेकॅनिक आठवला. पाइप आपल्या भिंतीवरून गटारापर्यंत न्यावा लागेल, म्हणत होता. मी घासाघीस करून निम्मा कमी करायला लावला होता. मग त्या बिचाऱ्याने आखूड पाइप जिथे पोचला तिथे, दादाच्या ग्रिलला, बांधून टाकला.

"मनाली," मी हळूच विचारलं, "स्वतःचाच पाइप कापला तर?"

"गुन्हा नाही. पण काकांना उगाच आरोपी ठरवलंत, त्याचं काय?"

दादा हाताची घडी घालून उभा होता. "देवलासमोर माफी माग. तीनदा."

"एकदाच मागतो, दादा. घरातल्या घरात."

"चारदा."

"अरे, वाढवतोस काय? बरं, दोनदा..."

"पाचदा!"

आयुष्यात पहिल्यांदा मी समोरच्याने सांगितलेल्या भावात सौदा केला. देवळासमोर उभं राहून, आळीच्या साक्षीने, पाच वेळा माफी मागितली. आणि पाचवी नीट ऐकू आली नाही म्हणून दादाने एक वर मागून घेतली.